वेब अ‍ॅपमध्ये वॉलेटने लॉगिन : नक्की कुणाला लागतं?

निफाडकर
नमस्कार मंडळी. नाशिकला आमची लहानशी टीम आहे, वेब अ‍ॅप्स बनवतो. एका खाजगी प्रशिक्षण संस्थेचं काम हातात आलंय. कोर्स पूर्ण करणाऱ्यांची प्रमाणपत्रं त्यांना ब्लॉकचेनवर नोंदवायची आहेत, कारण त्यांच्या नावाची बनावट प्रमाणपत्रं बाजारात फिरतात. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ साली जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवले होते, ते संचालकांच्या वाचनात आलं आणि तिथून हे सुरू झालं.

नोंदणीचा भाग समजला. अडलंय लॉगिनपाशी. संचालक म्हणतात, पासवर्ड वगैरे काढून टाका; विद्यार्थी, शिक्षक, कंपन्या सगळे मेटामास्कने, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या खात्याची गुप्त किल्ली सांभाळणाऱ्या वॉलेटने, आत येतील. मलाही ही कल्पना आवडली आहे. पासवर्ड साठवायचा नाही, तो चोरीला जायचा नाही, ओटीपीच्या एसएमएसचा खर्च नाही. पण ब्राउझरमधून वॉलेटचा पत्ता मिळाला म्हणजे लॉगिन झालं असं धरायचं का? मोबाइलवर काय करतात? आणि प्रमाणपत्र नोंदवतानाची सही आणि लॉगिनची सही यांत फरक काय ठेवायचा? अनुभवींनी लिहावं.

रानजाई
पत्ता मिळाला म्हणजे लॉगिन झालं असं अजिबात धरू नका. पत्ता सार्वजनिक असतो. माझा पत्ता तुम्ही एक्सप्लोररवरून (ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणारी साइट) उचलून तुमच्या सर्व्हरला पाठवू शकता, सर्व्हरला काय कळणार? त्या पत्त्याची खाजगी किल्ली समोरच्याकडे आहे हे सिद्ध व्हायला हवं, आणि त्यासाठी सही लागते.

याची रीत ठरलेली आहे, ईआयपी-४३६१ (ईआयपी म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनचे क्रमांक दिलेले नियम-प्रस्ताव), म्हणजेच साइन-इन विथ इथेरियम. सर्व्हर एक यादृच्छिक नॉन्स (एकदाच वापरायचा संकेत) बनवून स्वतःकडे ठेवतो. ब्राउझरमधला भाग, म्हणजे फ्रंटएंड, एक मजकूर तयार करतो. त्यात साइटचं डोमेन, पत्ता, यूआरआय, चेन आयडी (कुठली ब्लॉकचेन त्याचा क्रमांक), नॉन्स आणि वेळ असते. मुदतही घालता येते, आणि घालाच. वापरणारा पर्सनल_साइनने (वॉलेटची मजकुरावर सही करण्याची सोय) त्यावर सही करतो. सर्व्हर सहीवरून पत्ता काढतो आणि मजकुरातल्या पत्त्याशी जुळवतो. पुढची पायरी बरेच जण गाळतात : डोमेन आपलंच आहे का, नॉन्स आपणच दिलेला आहे का, मुदत संपली का हे तपासून नॉन्स तिथल्या तिथे बाद करायचा. डोमेन तपासलं नाही तर दुसऱ्या साइटवर घेतलेली सही तुमच्याकडे चालून जाईल. नॉन्स बाद केला नाही तर तीच सही पुन्हा पुन्हा वापरता येईल.

एवढं झालं की नेहमीसारखी सेशन कुकी द्या. एचटीटीपीओन्ली ठेवा, म्हणजे पानावरच्या स्क्रिप्टला ती वाचता येत नाही.

शेवगा
या सहीला गॅस (ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराची फी) लागत नाही, हे बटणाखाली ठळक लिहा. मी केलेल्या एका अ‍ॅपमध्ये वॉलेटची खिडकी उघडली की निम्मे लोक पैसे कापले जातील म्हणून पळून जायचे. एक ओळ टाकली आणि तक्रारी थांबल्या.

मुळशीकर
निफाडकर, तंत्राआधी एक विचारतो. विद्यार्थ्याला वॉलेट कशाला? तो आयटीआय झालेला मुलगा आहे, त्याला प्रमाणपत्र डाउनलोड करून एचआरला पाठवायचंय. त्याच्याकडून तुम्ही वॉलेट परत मिळवायचे बारा शब्द कागदावर लिहून घेणार आणि सांगणार की आयुष्यभर जपून ठेव. पासवर्ड विसरला तर तो बदलून देता येतो. हे शब्द गेले की पत्ता गेला, आणि संस्थेला काहीही करता येत नाही. आमच्याकडे एका ग्राहकाच्या प्रकल्पात फोन बदलल्यावर लोक रडकुंडीला आलेले मी पाहिलेत. त्यांच्या वॉलेटात एक पैसाही नव्हता, फक्त लॉगिन होतं, तरीही.

ओटीपीचा खर्च वाचतो हे खरं, पण तो मदत केंद्राच्या फोनवर वसूल होतो.

दोनशून्यएक
मुळशीकरांशी असहमत. संस्था उद्या बंद पडली तर? त्यांचा डेटाबेस गेला, लॉगिन गेलं, मुलाच्या हातात एक पीडीएफ राहिली. प्रमाणपत्र त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर असेल तर संस्था असो वा नसो, ते त्याचंच राहतं. ब्लॉकचेनचा मूळ हेतू हाच आहे. मुलांना वॉलेट झेपणार नाही असं आपण परस्पर का ठरवायचं? यूपीआयही झेपणार नाही म्हणत होते, आज भाजीवालीकडे क्यूआर आहे.

शेवगा
भाजीवाली यूपीआय पिन विसरली तर तिला नवा ठेवता येतो, हेही लक्षात घ्या. पण वाद रंगतोय, वाचनखूण साठवली.

गणितवेडा
तुम्हा दोघांचं म्हणणं एकत्र बसतं. संस्था बंद पडली तरी प्रमाणपत्र तपासता यावं यासाठी मुलाकडे वॉलेट असण्याची गरज नाही. प्रमाणपत्राच्या फाइलचा हॅश (फाइलवरून गणिताने निघणारा ठसा; फाइल जरा बदलली तरी तो बदलतो) साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, असला, तो संस्थेच्या पत्त्यावरून गेला आणि हे पडताळण्याची रीत उघडी असली की पुरे. फाइल मुलाकडे, हॅश साखळीवर. एचआरने फाइल दिली की हॅश निघतो, जुळला तर खरी. यात कुणीही लॉगिन करत नाही.

प्रत्येक प्रमाणपत्राचं वेगळं ट्रान्झॅक्शनही करू नका. एका तुकडीचे सगळे हॅश घेऊन मर्कल झाड बांधा (दोन-दोन हॅश जोडून त्यांचा नवा हॅश काढत एका मुळाशी यायचं) आणि फक्त मुळाचा हॅश साखळीवर टाका. तो ३२ बाइटचा असतो, तुकडी ५० ची असो वा ५००० ची. ५१२ प्रमाणपत्रांच्या तुकडीत प्रत्येक मुलाच्या फाइलसोबत ९ हॅशचा पुरावा जोडला की त्याचं पान, म्हणजे त्याच्या प्रमाणपत्राचा हॅश, त्या झाडातलं आहे हे कुणालाही सिद्ध करता येतं. संस्थेला वर्षातून मोजक्या सह्या कराव्या लागतील.

नाव, जन्मतारीख, आधार यातलं काहीही साखळीवर टाकू नका. नुसता त्यांचा हॅशही टाकू नका. नावं आणि जन्मतारखा मोजक्याच असतात, कुणीही यादी घेऊन हॅश करून जुळवत बसेल. प्रत्येक प्रमाणपत्रात लांब यादृच्छिक सॉल्ट (अंदाज बांधता येणार नाही अशी जादा अक्षरं) मिसळा आणि तो फाइलमध्येच ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती पुसून मागण्याचा हक्क दिलाय. साखळीवरचं तुम्ही पुसणार कसं?

सरपणवाला
गणितवेडा, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

आत्याबाई
मी तांत्रिक नाही, बँकेत होते, आता निवृत्त आहे. धागा वाचतेय कारण आमच्या भाच्याचं असंच काही झालं. त्याने कुठल्याशा साइटवर 'फक्त सही' केली, पैसे पाठवले नाहीत, गॅसही लागला नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी वॉलेट रिकामं. आता वर रानजाई ताई सांगतायत की लॉगिनला सही करा, शेवगा म्हणतात गॅस लागत नाही. सामान्य माणसाला या दोन सह्यांतला फरक कळणार कसा?

रानजाई
आत्याबाई, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. जरा लांब लिहिते.

वॉलेट ढोबळमानाने तीन प्रकारच्या सह्या करतं. पहिली ट्रान्झॅक्शनची : पैसे पाठवणं, कॉन्ट्रॅक्टमधलं (साखळीवर चालणारा प्रोग्रॅम) फंक्शन चालवणं. हिला गॅस लागतो आणि ती साखळीवर जाते. दुसरी साध्या मजकुरावरची, पर्सनल_साइन. सहीआधी ईआयपी-१९१ प्रमाणे मजकुराला ठरावीक पूर्वाक्षरं जोडली जातात, त्यामुळे ही सही कुणाला ट्रान्झॅक्शन म्हणून फिरवता येत नाही. लॉगिनला हीच वापरायची.

तिसरी ईआयपी-७१२ ची, म्हणजे रचना ठरवून दिलेल्या माहितीवरची. भाच्याचा घात बहुधा इथे झाला असावा. अनेक टोकनांमध्ये (साखळीवरची चलनं) ईआयपी-२६१२ ची पर्मिट सोय असते. पर्मिटवर सही केली की 'या पत्त्याला माझी इतकी टोकनं काढू दे' अशी परवानगी तयार होते. सही करणाऱ्याला गॅस लागत नाही, साखळीवर काही दिसत नाही. चोर ती सही घेऊन स्वतः गॅस भरतो आणि टोकनं उचलतो. म्हणजे गॅस लागला नाही म्हणून सही निर्धोक, हा समज चुकीचा. शेवगांनी सुचवलेली ओळ लिहा, पण तेवढीच लिहू नका.

यूपीआयमध्ये लोकांना आता कळलंय की पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. वॉलेटच्या बाबतीत इतका सोपा नियम नाही, म्हणून जबाबदारी अ‍ॅप बनवणाऱ्यावर येते. लॉगिनच्या वेळी ७१२ ची सही कधीच मागू नये. मजकूर मराठीत ठेवायचा मोह होईल, पण ईआयपी-४३६१ मधलं ते ऐच्छिक विधान अ‍ॅस्की अक्षरांतच ठेवावं लागतं, म्हणून मराठी स्पष्टीकरण खिडकी उघडण्याआधी आपल्या पानावर द्या : 'आता वॉलेट उघडेल, त्यात आमच्या साइटचं नाव दिसेल. परवानगी, रक्कम किंवा टोकन असं काही दिसलं तर नकार द्या.' आणि नकार दिल्यावर अ‍ॅपने चिडू नये. वॉलेटकडून ४००१ हा कोड येतो, तो त्रुटी म्हणून लाल रंगात दाखवू नका. माणसाने विचारपूर्वक नाही म्हटलंय.

आत्याबाई
कळलं. भाच्याला दाखवते. बँकेत कोऱ्या व्हाउचरवर सही घेणाऱ्याला आम्ही दारातून परत पाठवायचो.

पाटावरवंटा
रानजाईंच्या मुद्द्याला जोडून. मजकूर वाचून सही करा हे ठीक, पण पडद्यावरचा मजकूरच खोटा असला तर?

डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडीएओ या क्रिप्टो प्रकल्पाच्या साइटवर कुणीतरी क्लाउडफ्लेअर या वेब सेवेच्या किल्लीचा गैरवापर करून स्क्रिप्ट घुसवली. लोक नेहमीच्या साइटवर नेहमीचं बटण दाबत होते, पण सही होत होती टोकनांच्या परवानगीवर. सुमारे १२ कोटी डॉलर गेले. कॉन्ट्रॅक्टमध्ये काहीही दोष नव्हता.

१४ डिसेंबर २०२३ ला लेजर या हार्डवेअर वॉलेट (किल्ली वेगळ्या उपकरणात ठेवणारं वॉलेट) बनवणाऱ्या कंपनीच्या कनेक्ट किटमध्ये विषारी कोड आला. एका माजी कर्मचाऱ्याचं एनपीएम (जावास्क्रिप्ट पॅकेजेसचं भांडार) खातं फिशिंगने हाती लागलं होतं. ते किट वॉलेट जोडण्यासाठीच असतं, म्हणजे निफाडकर टाकणार आहेत तसलंच पॅकेज, आणि ते वापरणाऱ्या अनेक साइट्स एकाच वेळी बाधित झाल्या. लोकांचे सुमारे ६ लाख डॉलर गेले.

सर्वांत मोठं फेब्रुवारी २०२५ मधलं, बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजचं. सेफ या बहुस्वाक्षरी वॉलेटच्या (एकापेक्षा जास्त जणांच्या सह्या लागणारं) वेब इंटरफेसचं जावास्क्रिप्ट बदललं गेलं. सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसला, हार्डवेअर वॉलेटवर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर सही झाली. सुमारे दीड अब्ज डॉलर. एफबीआयने उत्तर कोरियाचं नाव घेतलं. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजच्या बहुस्वाक्षरी वॉलेटातून २३ कोटी डॉलर गेले, तेव्हाही पडद्यावर दिसलं ते आणि सही झाली ते वेगळं होतं असं कंपनीने जाहीर केलं होतं.

म्हणून सांगतो निफाडकर, तुमच्या अ‍ॅपचा सगळ्यात नाजूक भाग कॉन्ट्रॅक्ट नसून तुमचं रिअ‍ॅक्टचं बंडल (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) आहे. वॉलेट जोडणारी लायब्ररी सीडीएनवरून (बाहेरच्या सर्व्हरवरून) पान चालू असताना ओढू नका. आवृत्त्या लॉकफाइलमध्ये पक्क्या करा, आपोआप वर चढू देऊ नका. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कुठून स्क्रिप्ट चालू द्यायची याचे नियम) कडक ठेवा, सहीच्या पानावर अ‍ॅनालिटिक्स किंवा चॅटच्या बाहेरच्या स्क्रिप्टा नकोतच. डिप्लॉय करण्याचा अधिकार टू-फॅक्टरशिवाय कुणाकडेही नको.

निफाडकर
हे वाचून घाम फुटला. सगळं लिहून घेतलंय. एक साधा प्रश्न : चाचणीसाठी पॉलिगॉनचं मुंबई टेस्टनेट वापरतो, एका जुन्या लेखात तसं होतं. जोडणीच होत नाहीये.

सरपणवाला
मुंबई एप्रिल २०२४ मध्ये बंद केलं. ते इथेरियमच्या गोअर्ली या टेस्टनेटवर टेकलेलं होतं, गोअर्लीच गेलं. आता इथेरियमच्या सेपोलिया टेस्टनेटवर टेकलेलं पॉलिगॉनचं अमोय वापरा, चेन आयडी ८०००२. जुन्या लेखांत ८०००१ दिसला की लेख तिथेच बंद करा.

शेवगा
मुंबई बंद पडली म्हणताय? पावसात रुळांवर पाणी आलं तरी ती चालू असते हो!

मुळशीकर
अवांतर : पॉलिगॉनची सुरुवात २०१७ मध्ये मॅटिक म्हणून मुंबईतूनच झाली, नाव तिथून आलं असावं.

मुंबईकर_परदेशी
मी जर्मनीत याच कामात आहे. जोडणीबद्दल थोडं.

डेस्कटॉपवर वॉलेटचं एक्स्टेन्शन पानात विंडो.इथेरियम हा दुवा टाकतं, त्यातून साइट वॉलेटशी बोलते. एकापेक्षा जास्त वॉलेट्स असली की ती त्या एकाच जागेवरून भांडतात आणि वापरणाऱ्याला भलतंच वॉलेट उघडलेलं दिसतं. ईआयपी-६९६३ ने हे सुटलं, प्रत्येक वॉलेट स्वतःची वेगळी घोषणा करतं आणि तुम्ही यादी दाखवता. मोबाइलच्या क्रोममध्ये असं काहीच टाकलं जात नाही. तिथे वॉलेट कनेक्ट या जोडणीच्या सोयीने फोनमधलं अ‍ॅप उघडायचं किंवा वॉलेटच्या आतल्या ब्राउझरमध्ये तुमची साइट उघडायची. वॉलेट कनेक्टची पहिली आवृत्ती जून २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा जुने नमुने इथेही चालणार नाहीत. फोनवर अ‍ॅपमधून परत ब्राउझरकडे येताना पान पुन्हा लोड होऊ शकतं. नॉन्स सर्व्हरवर टिकलेला नसेल तर लॉगिन अर्ध्यात तुटतं. चाचणी खऱ्या, स्वस्त फोनवर करा.

लायब्ररीत वेब३.जेएस घेऊ नका, तिची देखभाल २०२५ मध्ये थांबली. व्हीएम आणि वॅग्मी या लायब्ररी घ्या, किंवा ईथर्स. आकडे बिगइंट या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात येतात आणि जेसन.स्ट्रिंगिफाय बिगइंटवर कोसळतं, तिथे आधी स्ट्रिंग करा.

अजून एक. लॉगिन झाल्यावर माणूस वॉलेटमध्ये खातं बदलतो. सेशन जुन्या पत्त्याची, सही नव्या पत्त्याची. अकाउंट्सचेंज्ड ही घटना ऐकून सेशन तोडा. ब्राउझरवर विसंबू नका, कॉन्ट्रॅक्टमध्येही अधिकार तपासा.

रानजाई
+१. आणि सही पडताळताना फक्त पत्ता काढून जुळवू नका. सेफसारख्या कॉन्ट्रॅक्ट वॉलेटला खाजगी किल्लीच नसते, तिथे ईआयपी-१२७१ ने कॉन्ट्रॅक्टलाच विचारावं लागतं. व्हीएमची पब्लिक क्लायंटवरची व्हेरिफायमेसेज दोन्ही प्रकार सांभाळते. ती साखळीला विचारते, म्हणून आरपीसीचा (साखळीची माहिती देणारा सर्व्हर) पत्ता विश्वासाचा हवा.

मुळशीकर
परत मूळ प्रश्नावर येतो. विद्यार्थी नाही, कंपन्या नाहीत. मग वॉलेट कुणाला? तुकडीचा मूळ हॅश साखळीवर टाकणाऱ्यांना. संस्थेत असे तीन-चार लोक असतील : प्राचार्य, परीक्षा विभागप्रमुख, निबंधक. त्यांच्यासाठी तीनपैकी दोन सह्यांचं सेफ करा, प्रत्येकाला हार्डवेअर वॉलेट द्या. सर्व्हरवरच्या .ईएनव्ही या सेटिंगच्या फाइलमध्ये खाजगी किल्ली ठेवून आपोआप नोंदवायचा मोह टाळा. ती फाइल कधी ना कधी गिटवर जाते.

सही करण्याआधी प्रत्येकाने तुकडीची यादी वेगळ्या मशीनवर उघडावी, मुळाचा हॅश स्वतः काढावा आणि उपकरणाच्या पडद्यावरच्याशी जुळवावा. पाटावरवंटांनी सांगितलेली प्रकरणं वाचल्यावर ही पायरी कुणाला जड वाटू नये.

प्राचार्य निवृत्त होतील, बदली होईल. काढून टाकणं आणि नवा नेमणं ही सोय पहिल्या दिवसापासून हवी. चुकून गेलेलं प्रमाणपत्र रद्द करायला वेगळी यादीही साखळीवर लागेल, कारण मर्कल झाडातून पान काढता येत नाही.

सरपणवाला
गॅससाठी संस्थेला पोल हे पॉलिगॉनचं टोकन विकत घ्यावं लागेल ना? सीएला आधीच सांगा. एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेवरच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. रक्कम क्षुल्लक असेल, पण संस्थेच्या ऑडिटमध्ये ओळ येणारच.

निफाडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज संचालकांशी बसलो, त्यांना आत्याबाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिथेच त्यांचा सूर बदलला. ठरलं असं : पडताळणीचं पान उघडं, लॉगिनच नाही. विद्यार्थी ईमेल आणि ओटीपीने. वॉलेट फक्त तीन अधिकाऱ्यांना, लॉगिनला ४३६१ आणि नोंदणीला सेफ. सॉल्ट आणि मर्कलचं काम सुरू केलंय.

दोनशून्यएक
माझा आग्रह अजूनही आहे. ज्या मुलाला स्वतःचा पत्ता जोडायचाय त्याला दार उघडं ठेवा. सक्ती नको, पण बंदीही नको.

गणितवेडा
दोनशून्यएक, यावर सहमत. फक्त तो पत्ता प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये छापू नका. फाइल एचआरकडे गेली की त्या पत्त्यावरचे मुलाचे सगळे जुने-नवे व्यवहार एचआरला वाचता येतील. जोड तुमच्या डेटाबेसमध्ये ठेवा आणि काढून टाकायचं बटण द्या.

निफाडकर
हे पटलं, घेतो. शेवटचं एक : सेफमधून ट्रान्झॅक्शन गेलं, त्या ट्रान्झॅक्शनचा हॅश मिळाला, की लगेच विद्यार्थ्यांना 'प्रमाणपत्र नोंदवलं' असा ईमेल टाकायचा का?

रानजाई
नाही. हॅश मिळणं म्हणजे फक्त पाठवलं गेलं. रिसीट (ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये गेल्यावर मिळणारी पावती) येऊ द्या, तिच्यातली स्थिती यशस्वी आहे का पाहा, कारण ब्लॉकमध्ये जाऊनही ट्रान्झॅक्शन अयशस्वी होतं आणि गॅस जातोच. ब्लॉक फायनलाइज्ड, म्हणजे कायमचा पक्का, होईपर्यंत थांबा, मग कॉन्ट्रॅक्टमधून मुळाचा हॅश परत वाचून आपल्या हॅशशी जुळवा आणि मग ईमेल सोडा. गॅसचा दर कमी पडून ट्रान्झॅक्शन अडकलं आणि पाठवणाऱ्याने त्याच नॉन्सवर (इथे ट्रान्झॅक्शनचा अनुक्रमांक, लॉगिनचा नॉन्स नव्हे) दर वाढवून पुन्हा पाठवलं तर हॅश बदलतो, जुन्या हॅशची वाट पाहत तुमचा जॉब लटकून राहील. म्हणून हॅशवर न विसंबता कॉन्ट्रॅक्टमधली तुकडी नोंदवल्याची घटना ऐका.